माणसे नकोत, जमीन हवी

पोझनान प्रांत तेव्हा प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्याच्या ताब्यात होता. १९०४ साली तिथल्या पोडग्राडोविट्से गावात मिखाउ जिमावा या पोलिश शेतकऱ्याने थोडी जमीन विकत घेतली. जमीन नावावर झाली, पण घर बांधायला परवानगी मिळेना. त्याच वर्षी प्रशियाने कायदा केला होता की, वसाहतीच्या टापूत नवे घर बांधायचे तर सरकारी दाखला हवा. पोल अर्जदाराला तो द्यायचा नाही, हे न लिहिताच ठरलेले होते. जिमावा हट्टी माणूस. त्याने सर्कशीची एक गाडी आणली आणि बायकामुलांसह तीत बिऱ्हाड थाटले. चोवीस तासांहून अधिक काळ एकाच जागी उभे राहील ते घर, असा कायद्याचा अर्थ लावला जात होता. म्हणून तो रोज गाडी थोडीशी पुढे सरकवायचा. दंड झाले, तुरुंग झाला, भांडण काही वर्षे चालले आणि जिमावाची गाडी युरोपभरच्या वृत्तपत्रांत गाजली.

किस्सा गमतीचा वाटतो. पस्तीस वर्षांनी याच प्रांतातली पोल कुटुंबे अर्ध्या तासात घर सोडायला लावून मालगाड्यांत कोंबली जात होती. या दोन गोष्टींमधले अंतर कसे कापले गेले, ते पाहण्यासारखे आहे. पोलंडवरच्या नाझी अत्याचारांचा इतिहास आपल्याकडे बहुतेकदा १ सप्टेंबर १९३९ पासून सुरू होतो आणि लगेच आउश्वित्झला पोहोचतो. मधला मोठा भाग सुटून जातो.

पोलंड हे राज्य १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी गिळून टाकले. पुढची १२३ वर्षे ते नकाशावर नव्हते. प्रशियाच्या वाट्याला आलेल्या मुलखात लाखो पोल राहत होते आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न बर्लिनला कायम सतावत असे. चान्सलर बिस्मार्कने १८८५ पासून, प्रशियाचे नागरिकत्व नसलेल्या सुमारे तीस हजार पोल आणि ज्यू लोकांना सरहद्दीपार घालवले. १८८६ साली दहा कोटी मार्कांचा निधी देऊन वसाहत आयोग नेमला गेला. पोल जमीनदारांच्या जमिनी विकत घ्यायच्या आणि जर्मन शेतकऱ्यांना वसवायचे, हे त्याचे काम. १९०१ मध्ये व्ह्झेश्न्या गावच्या शाळेत धर्मशिक्षण जर्मनमधून घ्यायला नकार देणाऱ्या मुलांना छड्या मारल्या गेल्या आणि निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगात टाकले.

या राजकारणाच्या पाठीशी एक प्रतिमा होती: पोल माणूस म्हणजे अजागळ, आळशी, पैसा न टिकवणारा, राज्य चालवायला नालायक. गुस्टाव्ह फ्रायटागची ‘झोल उंड हाबेन’ ही १८५५ ची कादंबरी जर्मन मध्यमवर्गाच्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. तिच्यात कष्टाळू जर्मन नायक पूर्वेला जाऊन पोलांच्या गोंधळात शिस्त आणतो. ज्यू पात्रांचे चित्रणही त्यात तितकेच विखारी आहे. अशा पुस्तकांतून पूर्वेकडची जमीन ही जणू मालकाची वाट पाहत पडलेली जमीन, अशी समजूत मुरत गेली.

तरीही जिमावाच्या काळातून हिटलरच्या काळाकडे सरळ रेघ ओढणाऱ्यांशी मी सहमत नाही. कैसरच्या जर्मनीत जिमावाला न्यायालयात भांडता आले. पोल खासदार राईशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, बसत, पोलिश पतपेढ्या आणि वृत्तपत्रे चालत. खेरीज त्या सरकारचा उद्देश पोल माणसाला जर्मन करण्याचा होता. भाषा बदला, शाळा बदला, म्हणजे नातवंडे जर्मन होतील, असा तो जुलमी पण माणसाला गृहीत धरणारा हिशेब होता.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी पोलंड पुन्हा उभा राहिला. व्हर्सायच्या तहाने पोझनान आणि समुद्राकडे जाणारी चिंचोळी पट्टी त्याला मिळाली; डान्झिग हे स्वतंत्र शहर ठरले. वरच्या श्लेझियात १९१९ ते १९२१ मध्ये तीन उठाव झाले, सार्वमत झाले आणि तो प्रदेशही विभागला गेला. काल ज्यांना आपण शेतमजूर म्हणून पाहिले ते आज आपल्यावर राज्य करणार, ही सल जर्मनीत नाझींपुरती नव्हती. लष्करप्रमुख हान्स फॉन झेक्टने १९२२ साली लिहून ठेवले होते की, पोलंडचे अस्तित्वच असह्य आहे आणि ते नाहीसे झाले पाहिजे. वायमार काळातल्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताक जर्मनीतल्या, जवळजवळ सगळ्या पक्षांना ही नवी सरहद्द मान्य नव्हती.

हिटलरने या जुन्या तिरस्काराचा पाया बदलला. ‘माइन काम्फ’मध्ये त्याने आधीच्या राज्यकर्त्यांची चेष्टा केली आहे. जर्मन बोलायला शिकवून पोल जर्मन होत नाही, उलट जर्मन रक्त भ्रष्ट होते. जर्मन करायची ती जमीन, माणसे नव्हेत, असा त्याचा मुद्दा. १९२८ साली लिहून अप्रकाशित ठेवलेल्या दुसऱ्या पुस्तकात तो आणखी पुढे गेला. परक्या वंशाच्या या लोकांना एकतर वेगळे कोंडून ठेवायचे किंवा सरळ हलवून त्यांची जागा आपल्या लोकांना द्यायची, असे दोनच पर्याय त्याने मांडले. जुन्या धोरणात पोल माणसाला सुटकेची एक वाट होती, अपमानाची का होईना. इथे ती बंद झाली.

आणि आता एक अडचणीची गोष्ट. सत्तेवर येऊन वर्ष होते न होते तोच, २६ जानेवारी १९३४ रोजी, याच हिटलरने पोलंडशी दहा वर्षांचा अनाक्रमण करार केला. जर्मन वृत्तपत्रांतली पोलंडविरोधी बोंब हुकुमासरशी थांबली. प्रचारमंत्री गोबेल्स वॉर्साला पाहुणा म्हणून जाऊन आला. १९३५ मध्ये पोलंडचा सर्वेसर्वा मार्शल पिउसुत्स्की वारला तेव्हा बर्लिनच्या कॅथेड्रलमधल्या शोकप्रार्थनेला हिटलर स्वतः हजर होता. सोव्हिएत रशियाविरुद्ध पोलंडला धाकटा भागीदार करून घ्यावे, असा त्याचा बेत होता. पोलंडचे सरकारही काही सोवळे नव्हते. १९३८ च्या शरदात चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले जात असताना त्यानेही एक तुकडा घेतला. मात्र डान्झिग आणि पट्टीतून जाणारा जर्मन रस्ता या हिटलरच्या मागण्यांना त्याने नकार दिला. ३१ मार्च १९३९ रोजी ब्रिटनने पोलंडला हमी दिली आणि २८ एप्रिलला हिटलरने करार मोडीत काढला. काही आठवड्यांत जर्मन वृत्तपत्रे पोलंडमधल्या जर्मनांवरच्या खऱ्याखोट्या अत्याचारांनी भरून गेली.

द्वेष आटला नव्हता, त्याची तोटी फक्त बंद केली होती. वांशिक द्वेष हा आंधळा आवेश असतो असे आपण समजतो; इथे तो राज्यकर्त्यांच्या सोयीने पाच वर्षे बंद राहिला आणि गरज पडताच पूर्ण दाबाने सुरू झाला.

२२ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरने आपल्या सेनापतींना बोलावून, दयेला मनात थारा देऊ नका, असे बजावले. ३१ ऑगस्टच्या रात्री जर्मन सरहद्दीवरच्या ग्लाइविट्झच्या रेडिओ केंद्रावर पोलांनी हल्ला केल्याचा बनाव रचला गेला. त्यासाठी फ्रान्सिशेक होनिओक या माणसाला आदल्या दिवशी पकडून, नंतर ठार मारून त्याचे प्रेत तिथे पुरावा म्हणून टाकले गेले. १ सप्टेंबरला पहाटे युद्ध सुरू झाले. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या, २८ तारखेला वॉर्सा शरण आले.

इथे कोल्हापूरच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती माणसे हिटलरच्या तावडीतून सुटून आलेली नव्हती. ती पोलंडच्या पूर्वेकडच्या, सोव्हिएत संघाने बळकावलेल्या भागातली होती आणि सायबेरिया, कझाकस्तानला धाडली गेलेली होती. जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात युद्ध पेटल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती भारतात पोहोचली. पश्चिमेकडच्या पोलांना अशी वाट मिळाली नाही.

जर्मन फौजांच्या मागोमाग एसएस या नाझी दलाची खास पथके शिरली. त्यांच्याकडे युद्धाआधीच तयार केलेली यादी होती. तिच्यात सुमारे ६१ हजार नावे होती: शिक्षक, पाद्री, वकील, डॉक्टर, जमीनदार, श्लेझियाच्या उठावात भाग घेतलेले कार्यकर्ते. नावे गोळा करायला पोलंडमधल्याच जर्मन अल्पसंख्याकांपैकी काहींनी मदत केली होती. युद्ध सुरू झाल्यावर याच शेजाऱ्यांमधून ‘झेल्ब्स्टशुत्झ’ नावाची हत्यारबंद दले उभी राहिली. डान्झिगच्या परिसरातल्या प्याश्नित्साच्या जंगलात १९३९ च्या शरदापासून १९४० च्या वसंतापर्यंत बारा हजारांच्या आसपास माणसे खड्ड्यांच्या कडेला उभी करून मारली गेली. पुढे राईशला, म्हणजे जर्मन राज्याला, जोडलेल्या मुलखात या पहिल्या लाटेत एकूण चाळीस-पन्नास हजार बळी पडले.

या हत्यांना समर्थन लागत होते आणि ते आकड्यांनी पुरवले. बिडगोश्च शहरात ३ आणि ४ सप्टेंबरला, माघार घेणारे पोलिश सैन्य आणि तिथले जर्मन यांच्यात गोळीबार होऊन बरेच जर्मन मारले गेले होते. सबंध पोलंडमध्ये मेलेल्या जर्मन अल्पसंख्याकांचा आकडा नाझींनी आधी पाच हजारांच्या थोडा वर जाहीर केला. फेब्रुवारी १९४० मध्ये हुकूम निघाला की, यापुढे ५८ हजार हाच आकडा वापरायचा. दहापट! सरकारी फर्मानाने मेलेल्यांची संख्या वाढवल्याचे इतके उघड उदाहरण विरळा. १९४१ मध्ये गुस्टाव्ह उचित्स्कीने ‘हाइमकेअर’ हा चित्रपट काढला. त्यात क्रूर पोल बिचाऱ्या जर्मनांना छळतात. थिएटरात तो पाहणाऱ्याला खऱ्या आयुष्यात कोण कुणाला मारत होते याचा पत्ताच लागू नये, अशी व्यवस्था होती. २४ ऑक्टोबर १९३९ च्या सूचनेत प्रचारखात्याने वृत्तपत्रांना स्पष्ट सांगितले होते की पोल, ज्यू आणि जिप्सी एकाच पातळीवरचे, हे शेवटच्या गवळणीपर्यंत पोहोचले पाहिजे.

सगळ्यांनाच हे पचले असे नाही. पोलंडमधल्या जर्मन सैन्याचा सेनापती योहानेस ब्लास्कोव्हिट्झ याने एसएसच्या हत्यांविरुद्ध लेखी तक्रारी केल्या. साल्व्हेशन आर्मीच्या पद्धतीने युद्ध लढता येत नाही, असे म्हणून हिटलरने त्या उडवून लावल्या. त्याआधीच, ४ ऑक्टोबरला, पोलंडमध्ये अशी कृत्ये करणाऱ्यांना त्याने गुपचूप माफी देऊन टाकली होती. ब्लास्कोव्हिट्झची बदली झाली. त्याच्या तक्रारी सैन्याच्या शिस्तीविषयी होत्या की पोलांविषयी, हा प्रश्न वेगळा.

ऑक्टोबरमध्ये मुलखाचे दोन भाग पाडले गेले. पश्चिमेकडचा भाग थेट राईशला जोडला. मधल्या भागाला ‘जनरल गव्हर्नमेंट’ नाव देऊन तो हान्स फ्रांक या नाझी वकिलाकडे सोपवला. त्याने क्राकूवच्या व्हावेल किल्ल्यात, पोलिश राजांच्या वाड्यात, बस्तान बसवले. क्राकूवच्या यागिएलोनियन विद्यापीठाला १३६४ पासूनची परंपरा, कोपर्निकस तिथलाच विद्यार्थी. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी, सोमवारी दुपारी, तिथल्या प्राध्यापकांना एका व्याख्यानासाठी बोलावण्यात आले. विषय होता शिक्षणविषयक जर्मन धोरण. वक्ता होता ब्रुनो म्युलर, एसएसचा अधिकारी. व्याख्यान काही मिनिटांतच संपले. हे विद्यापीठ कायमच जर्मनविरोधी राहिले आहे आणि परवानगीवाचून वर्ग सुरू करायला निघाले आहे, असे सांगून त्याने सगळ्यांना अटक झाल्याचे जाहीर केले. इमारतीत सापडलेल्या १८३ जणांना गाड्यांत चढवले आणि पुढे झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवले. त्यांत साठी-सत्तरीतले विद्वान होते. साहित्याचे इतिहासकार इग्नात्सी ख्झानोव्स्की आणि कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक स्तानिस्वाव एस्ट्राइखर छावणीतच वारले. बाहेरच्या देशांतून, इटलीतूनही, इतका निषेध झाला की फेब्रुवारी १९४० मध्ये चाळिशीपुढच्या बहुतेकांना सोडावे लागले. या निषेधातून फ्रांकने धडा घेतला तो असा, की पुढच्या वेळी माणसे छावणीत पाठवायची नाहीत, जागच्या जागी संपवायची.

पुढची वेळ लगेच आली. मे १९४० मध्ये जगाचे डोळे फ्रान्सकडे लागले असताना जनरल गव्हर्नमेंटमध्ये नवी मोहीम सुरू झाली आणि काही महिन्यांत साडेतीन हजारांच्या आसपास नेते, लेखक, कार्यकर्ते मारले गेले. वॉर्साजवळच्या पाल्मिरीच्या जंगलात जूनमध्ये संसदेचे माजी सभापती माचेइ राताय आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकलेला धावपटू यानुश कुसोचिन्स्की यांना गोळ्या घातल्या. प्रागमध्ये सात चेकांना गोळ्या घातल्याची लाल पत्रके भिंतींवर लावलेली पाहिल्यावर फ्रांकने एका पत्रकाराला बढाई मारली होती: दर सात पोलांमागे एक पत्रक लावायचे म्हटले तर तेवढ्या कागदाला पोलंडची जंगले पुरणार नाहीत.

माना उडवल्यावर उरलेल्या धडाचे काय करायचे, ते एसएसचा प्रमुख हिमलर याने लिहून ठेवले. मे १९४० मधल्या त्याच्या टिपणावर हिटलरने पसंतीची मोहोर उठवली. त्यात पूर्वेकडच्या मुलांसाठी चार इयत्तांची शाळा सुचवली आहे. पाचशेपर्यंत मोजता यावे, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे ही देवाची आज्ञा आहे एवढे कळावे. वाचता यायची गरज नाही, असे त्याने मुद्दाम नोंदवले. त्याआधीच माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे बंद झाली होती. पोलांनी ती घरांच्या माजघरांत, गुप्तपणे, चालूच ठेवली. मे १९४० च्या शेवटी वॉर्सातला संगीतकार शोपँचा पुतळा फोडला गेला. वुद्झ शहराचे नाव लिट्झमानश्टाट झाले, गदिनियाचे गोटेनहाफेन. वॉर्सात १९४१ मध्ये अधिकृत शिधा जर्मनाला दिवसाला २,६१३ कॅलरी, पोलाला ६९९ आणि ज्यूला १८४ असा होता. काळा बाजार नसता तर शहर सरकारी शिध्यावरच मेले असते.

जमिनीचे काम हिमलरकडेच होते. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याला जर्मन वंशाच्या बळकटीकरणाचा आयुक्त नेमले गेले. राईशला जोडलेल्या मुलखातून मार्च १९४१ पर्यंत सुमारे ३ लाख ६५ हजार लोकांना जनरल गव्हर्नमेंटमध्ये हाकलून देण्यात आले. पोलीस रात्री येत, थोडेसे सामान घ्यायला सांगत, घराची किल्ली दारालाच ठेवायला लावत. काही दिवसांत तिथे बाल्टिक देशांतून आणलेले जर्मन कुटुंब राहायला येई. या कामाला विद्वानांचाही हात लागला होता. इतिहासकार थिओडोर शीडरने ऑक्टोबर १९३९ मध्ये तयार केलेल्या टिपणात लोकसंख्येच्या मोठ्या हालचाली सुचवल्या होत्या. युद्धानंतर हाच शीडर पश्चिम जर्मनीतल्या इतिहासकारांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याचे टिपण जर्मन इतिहासकारांनी खुलेपणाने चर्चेला घेतले ते १९९८ मध्ये, तो गेल्यावर.

आता या विचारसरणीची खरी फजिती. पोल कोण आणि जर्मन कोण, हे ठरवायचे कसे? शतकानुशतके एकमेकांत मिसळलेल्या सरहद्दीवर रक्त मोजायचे यंत्र कुणाकडेच नव्हते. मार्च १९४१ मध्ये चार वर्गांची ‘जर्मन लोकयादी’ सुरू झाली. पोझनान भागाचा गाउलायटर, म्हणजे नाझी प्रांतप्रमुख, आर्थर ग्रायझर कडवा; त्याने यादीत थोड्यांनाच घेतले, चर्च बंद केली, पोल आणि जर्मन यांची सरमिसळ गुन्हा ठरवली. शेजारी डान्झिगचा गाउलायटर आल्बर्ट फोर्स्टर. त्याला आपला प्रांत लवकर जर्मन झाल्याचे दाखवायचे होते. त्याने गावेच्या गावे यादीत चढवली. हिमलर संतापला, ग्रायझर कुरकुरला, पण फोर्स्टर बधला नाही. म्हणजे एकाच घराण्यातला एक भाऊ या प्रांतात जर्मन ठरे आणि पलीकडच्या प्रांतात राहणारा दुसरा भाऊ हलक्या वंशाचा. यादीत आलेल्या तरुणांना मग जर्मन सैन्यात भरती केले जाई. २००५ च्या पोलिश अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार डोनाल्ड टुस्क यांच्या आजोबांना असेच जर्मन गणवेशात जावे लागले होते, यावरून गदारोळ झाला. ज्या इतिहासाने आजोबांना निवड दिली नव्हती, त्याचा जाब नातवाला विचारला गेला.

दुसरी विसंगती पोटाची होती. माणसे नकोत म्हणणाऱ्या जर्मनीच्या शेतांत आणि कारखान्यांत हात कमी पडत होते. सुरुवातीला थोडे पोल स्वखुशीने गेले. पुढे बाजारातून, चर्चच्या दारातून, सिनेमागृहातून माणसे उचलून पाठवली गेली. १९४४ मध्ये राईशमध्ये सुमारे १७ लाख पोल राबत होते. जर्मन भूमीवर इतके पोल हे नाझी सिद्धान्तात न बसणारे होते. तेव्हा ८ मार्च १९४० च्या हुकमांनी त्यावर तोड काढली. प्रत्येक पोल मजुराने छातीवर पिवळ्या चौकटीत जांभळा ‘पी’ लावायचा. जर्मनांबरोबर चर्चमध्ये बसायचे नाही, जर्मन उपाहारगृहात जायचे नाही, परवानगीवाचून बस-रेल्वेने प्रवास नाही. जर्मन स्त्रीशी संबंध आला तर फाशी. अशा फाशी गावाबाहेरच्या झाडांवर दिल्या गेल्या आणि इतर पोल मजुरांना त्या पाहायला उभे केले गेले. कपड्यावर खूण शिवण्याची ही सक्ती राईशमधल्या ज्यूंवर १९४१ च्या सप्टेंबरात आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वेठबिगाराला घरच्या टेबलावर जेवायला बसवणाऱ्या शेतकऱ्यांना पोलीस दटावत. नियम मोडणारे शेतकरी होते, हे त्या दटावण्यांवरूनच कळते.

तिसरी विसंगती सर्वांत क्रूर. पोल हलक्या वंशाचे, तर त्यांच्यात निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची मुले कशी? हिमलरचे उत्तर सरळ होते: ती मुळात जर्मन रक्ताचीच, पोलांनी चोरलेली, परत घ्यायची. हजारो मुले अनाथालयांतून, शाळांतून, आईच्या हातातून काढून तपासणी केंद्रांत नेली गेली. डोके, नाक, कानाचे माप घेऊन जी ‘उत्तम’ ठरली त्यांना नवी जर्मन नावे आणि खोट्या जन्मतारखा देऊन जर्मन कुटुंबांत सोपवले. युद्धानंतर सगळी परत आली नाहीत. काहींना आपण कोण हे कळलेच नाही.

१९४२ मध्ये बर्लिनमध्ये यापेक्षाही मोठा आराखडा आकार घेत होता. कृषितज्ज्ञ प्राध्यापक कोनराड मायर याने हिमलरसाठी तयार केलेली ‘पूर्वेची सर्वसाधारण योजना’ म्हणजे वसाहतींचे नकाशे, खर्चाचे अंदाज, शेतांचे आकार. तिच्या आधीच्या मसुद्यावर एर्हार्ड व्हेट्झेल या अधिकाऱ्याने एप्रिल १९४२ मध्ये अभिप्राय लिहिला. ८० ते ८५ टक्के पोलांना पूर्वेकडे हलवण्याची भाषा त्यात आहे. पोलांचा प्रश्न ज्यूंसारखा ठार मारून सोडवता येणार नाही, तसे केले तर जर्मन लोकांवर कायमचा डाग राहील, असेही त्याने तिथेच लिहिले आहे. ज्यूंचे काय चालले आहे हे त्याला ठाऊक होते आणि ते गृहीत धरून तो पुढे लिहीत होता.

ज्यू आणि बिगर-ज्यू पोल यांच्या नशिबातला फरक या एका अभिप्रायात उघड होतो. पोलंडमधल्या ज्यूंच्या बाबतीत शेवटच्या बाळापर्यंत संहार हे ध्येय होते आणि सुमारे तीस लाखांना मारून ते जवळजवळ गाठले गेले. पोलांच्या बाबतीत नेतृत्व नष्ट करणे, जमीन घेणे आणि उरलेल्यांना गुलाम करणे हे. दोन्ही गोष्टी त्याच माणसांनी, त्याच कार्यालयांतून केल्या. छळ सोसणारा आपोआप दुसऱ्याच्या छळाविरुद्ध उभा राहतो असेही नाही. ‘झेगोटा’ या गुप्त समितीने डिसेंबर १९४२ पासून ज्यूंना लपवण्याचे काम केले. तर १० जुलै १९४१ रोजी येडवाब्नेत पोल गावकऱ्यांनीच आपल्या ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळले होते.

मोठ्या योजनेची चाचणी झामोश्च भागात झाली. नोव्हेंबर १९४२ च्या शेवटी स्किएरबिएशुव्ह गावाला पहाटे वेढा पडला. ऑगस्ट १९४३ पर्यंत जवळपास तीनशे गावांतून एक लाखाहून अधिक माणसे हाकलली गेली. त्यांत सुमारे तीस हजार मुले होती. म्हातारे आणि लहान मुले कडाक्याच्या थंडीत गाड्यांतून निघाली आणि काही वाटेतच गोठली. शेब्झेशिनच्या रुग्णालयाचे डॉक्टर झिग्मुंट क्लुकोव्स्की यांची दैनंदिनी आज उपलब्ध आहे. रस्त्याने जाणारे लोंढे, ओस पडलेली गावे त्यांनी दिवसामागून दिवस टिपून ठेवली. गावकरी जंगलात पळून बंडखोरांना मिळाले. नव्या जर्मन वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि योजना आटोपती घ्यावी लागली. स्किएरबिएशुव्हमध्ये बेसाराबियातून आणून वसवलेल्या एका जर्मन कुटुंबात फेब्रुवारी १९४३ मध्ये एक मुलगा जन्मला. तो होर्स्ट क्योलर, २००४ ते २०१० या काळात जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात उठाव झाला तेव्हा हिमलरने प्रत्येक रहिवाशाला मारून शहर जमीनदोस्त करण्याचा हुकूम दिला. व्होला या उपनगरात काही दिवसांत चाळीस-पन्नास हजार नागरिक मारले गेले. तिथल्या फौजेच्या प्रमुखाचे नाव हाइन्झ राइनेफार्थ. ६३ दिवसांनी उठाव संपला. दीड ते दोन लाख नागरिक गेले. त्यानंतर पथके पद्धतशीरपणे घर-घर जाळत, सुरुंग लावत फिरली. ग्रंथालयेही सुटली नाहीत.

युद्ध संपेपर्यंत जर्मन अमलात १८ ते १९ लाख बिगर-ज्यू पोलिश नागरिक मारले गेले, असा सावध अंदाज आहे. पोलिश सरकारी संस्थेचा आकडा याहून बराच मोठा आहे. पोलंड नकाशावर पश्चिमेला सरकला. ज्या मुलखाला जर्मन करायचे होते तिथले जर्मनच आता लाखांच्या संख्येने, उपाशी आणि थंडीत, हाकलले गेले. नाझींनी पेरलेली ‘माणसे हलवा’ ही पद्धत विजेत्यांनी बिनदिक्कत उचलली.

ग्रायझरला जुलै १९४६ मध्ये पोझनानला हजारोंच्या गर्दीसमोर फासावर चढवले, फ्रांकला त्याच वर्षी न्यूरेंबर्गमध्ये. फोर्स्टरला १९५२ मध्ये वॉर्सात. राइनेफार्थ मात्र झिल्ट बेटावरच्या वेस्टरलँडचा महापौर झाला आणि प्रांतिक विधिमंडळातही निवडून आला; त्या गावाने व्होलाच्या बळींसाठी फलक लावला तो २०१४ मध्ये. जर्मनीतल्या पोल वेठबिगारांना भरपाई देणारी मोठी संस्था २००० साली स्थापन झाली. तोवर त्यांतले बरेच जण हयात नव्हते. पोलंडमधल्या बळींच्या स्मरणासाठी बर्लिनमध्ये जागा करण्याचा ठराव जर्मन संसदेने २०२० मध्ये केला.

पूर्वेच्या योजनेचा कर्ता कोनराड मायर याच्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला. ती योजना म्हणजे केवळ कागदी अभ्यास होता, हा बचाव न्यायालयाला पटला. एसएसचा सदस्य असल्याबद्दल जी शिक्षा झाली ती त्याने कोठडीत घालवलेल्या दिवसांतच भरून निघाली. १९५६ साली हॅनोव्हरच्या तंत्रविद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले. विषय होता शेती आणि जमिनीचे नियोजन.